कंबरेच्या दोन गोळ्या एकत्र घेताना: आधी पाकिटाची मागची बाजू वाचा

कंबर धरली, मान अवघडली, पाठीत उसण भरली की डॉक्टरांच्या चिठ्ठीवर बहुधा दोन प्रकारची औषधं येतात. एक सूज आणि वेदना उतरवणारं, दुसरं आखडलेला स्नायू सैल करणारं. सोलापुरात मागावर पाळीभर उभं राहणाऱ्यांच्या, सूप मांडीवर घेऊन विड्या वळणाऱ्या बायकांच्या आणि शिलाई मशिनवर वाकून गणवेश शिवणाऱ्यांच्या घरी या गोळ्या हमखास सापडतात. दोन्ही एकत्र चालतात का, असं लोक विचारतात. डॉक्टरांनी तपासून दिल्या असतील तर चालतात, कारण दोघींची कामं वेगळी आहेत. डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन ही औषधं शरीरात सूज आणि ठणका वाढवणारी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं कमी तयार होऊ देतात. टिझानिडीन, क्लोरझोक्साझोन, बॅक्लोफेन ही मुख्यतः मेंदू आणि मज्जारज्जूवर काम करतात, म्हणून त्यांनी गुंगी येते.

खरा घात होतो तो तेच औषध वेगळ्या नावानं दोनदा पोटात गेल्यानं, नाहीतर घरात आधीपासून चालू असलेल्या तिसऱ्याच गोळीशी गाठ पडल्यानं.

पहिलं काम: गोळीत काय काय आहे ते बघा

आपण "कंबरेची एक गोळी" म्हणतो ती पुष्कळदा तीन औषधांची असते. ॲसिक्लोफेनॅक १०० मिलिग्रॅम, पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅम आणि वर क्लोरझोक्साझोन किंवा टिझानिडीन, अशी मिश्रणं सगळ्या मेडिकलमध्ये मिळतात. पाकिटाच्या पुढच्या मोठ्या नावावरून यातलं काहीच कळत नाही. मागच्या बारीक अक्षरांत प्रत्येक औषधाचं नाव आणि मात्रा असते. ती अक्षरं इंग्रजीत असतात, आणि आपल्याकडे कितीतरी घरांत आजी फक्त तेलुगू किंवा कन्नड बोलते. तेव्हा मेडिकलवाल्यालाच सांगा, "यात कुठली कुठली औषधं आहेत ते पाकिटावर पेनानं लिहून द्या." हे विचारायला संकोच करू नका, हा तुमचा हक्क आहे.

आता बेरीज करा. वरची मिश्र गोळी दिवसातून दोनदा घेतली, तर पॅरासिटामॉल झालं ६५० मिलिग्रॅम. कणकण वाटली म्हणून ६५० ची गोळी तीनदा घेतली, १९५० आणखी. सर्दीसाठी आणलेल्या गोळीत ५०० असेल आणि तीही तीनदा घेतली, तर १५००. एकूण ४१०० मिलिग्रॅम. धडधाकट मोठ्या माणसासाठीही दिवसाची कमाल मर्यादा ४००० आहे. वजन कमी असेल, यकृत बिघडलेलं असेल किंवा रोज दारू होत असेल, तर मर्यादा त्याहून बरीच खाली येते. एकही गोळी "जास्त" घेतल्यासारखी वाटली नाही, तरी यकृतावर ओझं पडलंच.

सूज उतरवणाऱ्या औषधांचा नियम आणखी कडक आहे: एका वेळी एकच. ॲसिक्लोफेनॅक चालू असताना दातासाठी आणलेली आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक वर घेऊ नका. त्यानं आराम दुप्पट होत नाही, जठराला जखम होण्याचा आणि मूत्रपिंडाला इजा होण्याचा धोका मात्र वाढतो. इथे सुई विसरली जाते. सकाळी दवाखान्यात दुखण्याची सुई घेतली, तीही बहुधा डायक्लोफेनॅकचीच असते. संध्याकाळी मेडिकलमधून गोळी आणताना ती सांगायची, आणि सुईनंतर पहिली गोळी कधी घ्यायची हे डॉक्टरांना तिथेच विचारून घ्यायचं. चोळायच्या जेलमधून रक्तात फार थोडं औषध जातं, पण डॉक्टरांना तेही सांगा.

दुसरं काम: घरातली सगळी औषधं एका पिशवीत घालून न्या

सगळ्यात जास्त काळजी मला इथे वाटते. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला बहुधा बीपीची गोळी असते. तिच्यात टेल्मिसार्टनसारखं औषध आणि जोडीला लघवी वाढवणारं हायड्रोक्लोरोथायाझाइड किंवा क्लोरथॅलिडोन असू शकतं. त्यावर सूज उतरवणारी गोळी आली की तिन्ही मिळून मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी करू शकतात. एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचा पारा चाळीसच्या वर असतो, मागाच्या शेडमध्ये तर घामाच्या धारा लागतात. अंगातलं पाणी कमी झालेलं असताना हाच त्रिकोण मूत्रपिंड अचानक बंद पाडू शकतो. म्हणून बीपीची गोळी स्वतःहून थांबवायची नाही, पण दुखण्याची गोळी घेण्याआधी डॉक्टरांना बीपीचं पाकीट दाखवायचंच. बॅक्लोफेन घेणाऱ्यांनी तर दुप्पट जपावं. ते औषध मुख्यतः मूत्रपिंडावाटे बाहेर पडतं. मूत्रपिंड मंदावलं की अंगात साठतं आणि माणूस भ्रमिष्टासारखा बोलू लागतो, निपचित पडतो.

दुसरी गाठ उन्हाळ्यातच पडते. जुलाब लागले की सिप्रोफ्लोक्सासिन असलेली गोळी थेट मेडिकलमधून आणायची सवय आहे. टिझानिडीन चालू असताना सिप्रोफ्लोक्सासिन अजिबात घ्यायचं नाही. ते यकृतात टिझानिडीनचा निचरा अडवतं, रक्तातलं प्रमाण कैक पटींनी वाढतं, बीपी धाडकन खाली येतं आणि माणूस मोरीत जाताना चक्कर येऊन पडतो. मनोविकारांवरच्या फ्लुवोक्सामिनशीही टिझानिडीनची अशीच बंदी आहे. गर्भनिरोधक गोळ्यांनीही त्याचा परिणाम वाढतो, त्या चालू असतील तर सांगायला लाजू नका.

पिशवीत रक्त पातळ करणारी गोळी, ७५ ची ॲस्पिरिन, संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट, झोपेची किंवा नसांची गोळी असेल, तर त्यांचा उल्लेख वेगळा करा. पूर्वी जठरात अल्सर झाला असेल, दमा असेल, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल, तेही. गरोदर बाईनं यातली कुठलीच गोळी मनानं घेऊ नये. थायोकोल्चिकोसाइड हे स्नायूचं औषध गरोदरपणात आणि अंगावर पाजताना वर्ज्य आहे. युरोपच्या औषध नियामक संस्थेनं २०१३ मध्ये त्याच्या पोटातून घ्यायच्या गोळ्यांवर सात दिवसांची मर्यादाही घातली. ताप आणि अंगदुखी एकत्र असेल तर डेंगू नाही हे कळेपर्यंत सूज उतरवणाऱ्या गोळ्या नकोत, त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो.

घेताना

उपाशीपोटी नको. विड्या मोजून द्यायच्या घाईत सकाळी नुसत्या चहावर गोळी घेणाऱ्या बायका पुष्कळ आहेत. कडक भाकरी दुधात कुस्करून खाल्ली तरी पुरे, पण काहीतरी खा, मग पेलाभर पाण्याबरोबर गोळी घ्या. जठराच्या संरक्षणासाठी पँटोप्राझोल दिलं असेल तर ते मात्र नाश्त्याच्या अर्धा तास आधी घ्यायचं. दिवसभर पाणी पीत राहा.

स्नायू सैल करणारी पहिली गोळी रात्री, घरी असताना घेणं बरं, म्हणजे गुंगी किती येते ते कळतं. डॉक्टरांनी दिवसातून दोनदा सांगितली असेल आणि तुमची रात्रपाळी असेल, तर तसं स्पष्ट सांगून वेळा बदलून घ्या. गुंगीत चालू मागाजवळ उभं राहायचं नाही, दुचाकी चालवायची नाही. दारू पूर्ण बंद. सर्दीच्या गोळ्यांनीही झोप येते, त्या आणि स्नायूची गोळी एकाच दिवशी नकोत. अंथरुणातून उठताना आधी मिनिटभर बसा, मग उभे राहा. घरातल्या वयस्कांच्या बाबतीत तर डॉक्टरांना सरळ विचारा, "स्नायूची गोळी द्यायलाच हवी का?" पडून खुबा मोडण्याची भीती कंबरदुखीपेक्षा मोठी आहे.

एखादी वेळ चुकली तर पुढच्या वेळी दोन घेऊ नका.

एक गोष्ट मन मोकळं ठेवून ऐका. जोडगोळी नेहमीच जास्त गुणकारी ठरते असं नाही. न्यूयॉर्कमध्ये नव्यानं कंबर धरलेल्या ३२३ रुग्णांवर झालेला अभ्यास २०१५ मध्ये छापून आला. नॅप्रोक्सेनच्या जोडीला स्नायू सैल करणारं सायक्लोबेंझाप्रिन देऊनही आठवड्याअखेर नुसत्या नॅप्रोक्सेनपेक्षा काही वेगळा फायदा दिसला नाही. तेव्हा डॉक्टरांनी एकच गोळी लिहिली तर "दुसरी द्या की" असा हट्ट धरू नका. झेपेल तेवढं चालणं-फिरणं चालू ठेवा.

कधी थांबायचं, कधी धावायचं

डॉक्टरांनी जितके दिवस लिहून दिले तितकेच. नव्या दुखण्याला बहुतेकदा चार-पाच दिवस पुरतात. तेवढ्यात उतार नसेल तर जुनी चिठ्ठी दाखवून नवं पाकीट आणण्याऐवजी पुन्हा तपासून घ्या.

शौचाला डांबरासारखं काळं झालं, उलटीत रक्त दिसलं, लघवी कमी झाली, चेहरा किंवा पाय सुजले, डोळे पिवळे झाले, अंगावर चट्टे उठले, धाप लागली, तर पुढची गोळी न घेता दवाखाना गाठा. क्लोरझोक्साझोननं कधी कधी लघवी नारिंगी किंवा लालसर दिसते, तेवढ्यानं घाबरायचं नाही. डोळेही पिवळे असतील तर मात्र थांबू नका. बसायच्या जागी बधिरपणा, पायातली ताकद जाणं, लघवी-शौचावरचा ताबा सुटणं ही मज्जातंतू दबल्याची खूण असते. तिथे गोळीची वाट बघण्यात वेळ घालवू नका. १०८ ला फोन करा किंवा थेट सिव्हिल गाठा, आणि औषधांची ती पिशवी बरोबर घ्या.

बॅक्लोफेन किंवा टिझानिडीन बरेच दिवस चालू असेल तर एकदम सोडू नका. बॅक्लोफेन अचानक तुटल्यानं झटके येऊ शकतात, टिझानिडीननं बीपी उसळतं. मात्रा हळूहळू डॉक्टरच उतरवतील.