घरगुती पाळणाघरात निसर्ग आणताय? या चुका टाळा

पाळणाघराच्या पहिल्या वर्षी मी स्वयंपाकघराच्या दारावर वेळापत्रक चिकटवलं होतं. साडेनऊला पानांचे ठसे, दहाला पक्षी बघणे, सव्वादहाला बी पेरणे. एका सकाळी अडीच वर्षांची एक मुलगी पायरीशी उकिडवी बसून मुंग्या बघत होती. मुंग्यांनी मेलेल्या नाकतोड्याचा पाय ओढत आणला होता आणि तो भिंतीच्या फटीत शिरत नव्हता. त्या मागे यायच्या, पाय फिरवायच्या, पुन्हा लावून बघायच्या. मुलगी इतकी गढून गेली होती की तोंडातला अंगठा निसटल्याचंही तिला कळलं नव्हतं. मी घड्याळ बघितलं आणि "चला, ठसे करायचेत" म्हणत तिला उचललं. ती जेवणापर्यंत रडत होती. आम्ही पानांचे ठसे काढले, त्याचा फोटो पालकांना पाठवला आणि त्या दिवशी खरा निसर्ग जिथे चालू होता तिथून मुलीला मीच उठवून आणलं.

साताऱ्यातल्या आमच्या घराला मागे लहानसं परस आहे. एक पेरू, एक कढीपत्ता, तुळस, दोन वाफे आणि कडेला मातीचा ढीग. दीड ते पाच वर्षांची सहा-सात मुलं असतात, मी आणि मदतीला एक ताई. एवढ्या वर्षांत हातून झालेल्या आणि इतर पाळणाघरांत पाहिलेल्या चुका इथे लिहिते आहे.

घड्याळ पक्कं आणि क्रम सैल

बहुतेक ठिकाणी दिवस बिनसतो तो इथे. लहान मुलाला साडेदहा वाजलेले कळत नाहीत, पण "हात धुतले की खाऊ, खाऊ झाला की गोष्ट" हे दीड वर्षाच्या मुलालाही आठवड्याभरात कळतं. म्हणून क्रम कधी बदलायचा नाही आणि वेळ मात्र अर्धा तास पुढेमागे होऊ द्यायची.

आमचा क्रम असा आहे. आल्यावर प्रत्येकाने आपल्या छोट्या तांब्याने एका झाडाला पाणी घालायचं. मग परसात मोकळा खेळ, निदान सव्वा तास. हातपाय धुणं, नाश्ता, ओसरीवर गाणी-गोष्टी, जेवण, झोप. उठल्यावर फळ, ऊन उतरलं की पुन्हा अंगण आणि मग घरी. मुंग्या रंगात आल्या तर गाणी दहा मिनिटं उशिरा होतात. जोराचा पाऊस आला तर परसातला खेळ ओसरीवर येतो, पण येतो पाण्याच्या तांब्यानंतरच.

मुलं एका प्रकारातून दुसऱ्यात जाताना चिडत असतील, तर आधी दिवसातले बदल मोजा. आमच्या जुन्या वेळापत्रकात दुपारपर्यंत अकरा वेळा "चला, आता हे" होतं. ते पाचवर आणलं आणि निम्मी रडारड तिथेच थांबली. बदलाआधी एक ठरलेली खूण हवी. आमच्याकडे पितळी घंटी एकदा वाजते. हाका मारून मुलं गोळा करायला लागलात की आवाज चढतच जातो.

मुलाच्या कलाने दिवस बेतणं ही काही नवी गोष्ट नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे अनुताई वाघांसह ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. तिथली मुलं गुरं राखायला जायची, शाळेत बसू शकायची नाहीत, तर शाळाच कुरणात गेली. तिला नावही कुरणशाळा पडलं. मूल जिथे रमलं आहे तिथे आपण जायचं, हे महाराष्ट्रात इतकं आधी करून दाखवलेलं आहे. लाकडी खेळणी परदेशातून मागवण्याआधी हे आठवावं.

आई नजर चुकवून निघून जाते

नवीन मूल आलं की घरची माणसं सांगतात, "मावशी, ती खेळात रमली की मी हळूच सटकते." हे होऊ देऊ नका. मूल मान वर करतं, आई नाही, आणि त्या दिवसापासून ते खेळात रमायलाच घाबरतं. पुढचे पंधरा दिवस ते तुमच्या पदराला धरून असतं ते यामुळे. आईने सांगून जायचं, रडू आलं तरी: "मी जाते, तू झोपून उठलीस की येते." "दुपारी चार वाजता येते" म्हणणं निरुपयोगी आहे, "झोपून उठल्यावर" हे मुलाला कळतं. आणि मग त्या वेळेला यायचंच. पहिले तीन-चार दिवस तासभरच ठेवा, मग जेवणापर्यंत, मग झोपेपर्यंत. रडणाऱ्या मुलाला उचलून थेट झाडापाशी न्या. पाण्याचा तांब्या हातात आला की हुंदके सावकाश उतरतात, हे मी कितीदा पाहिलं आहे.

झाडं ओळखून न लावणं

रोपवाटिकेतून "शोभेचं" म्हणून आणलेलं बरंच काही पाळणाघरात नको. कण्हेर, पिवळी कण्हेर म्हणजे बिट्टी, धोत्रा, एरंड आणि कुंपणाला सर्रास लावतात तो मोगली एरंड, ही सगळी विषारी आहेत. मोगली एरंडाच्या बिया शेंगदाण्यासारख्या चवीच्या लागतात, म्हणून मुलं त्या खातात आणि मग उलट्या-जुलाब होऊन दवाखान्यात न्यावं लागतं. गुंजेच्या लाल-काळ्या बिया दिसायला सुंदर, माळेला छान, आणि चावल्या गेल्या तर जीवघेण्या. घरात कुंडीत ठेवतात तो ठिपक्यांच्या मोठ्या पानांचा डिफेनबेकिया चावला तर जीभ आणि तोंड सुजतं. रुईचा आणि शेराचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला इजा होते. लगेच भरपूर स्वच्छ पाण्याने धुऊन डॉक्टरांकडे न्यायचं.

काय लावावं? तुळस, पुदिना, गवती चहा, ओवा, जास्वंद, अंबाडी, मेथी, पालक. मेथी तर पेरल्यावर तीन-चार दिवसांत वर येते आणि लहान मुलाला तेवढाच धीर धरवतो. आंब्याची कोय पेरून त्याला "झाड येईल हं" म्हणण्यात अर्थ नाही.

विषबाधेची शंका आली तर मीठाचं पाणी पाजून उलटी काढू नका. झाडाची फांदी किंवा बी सोबत घ्या आणि मुलाला दवाखान्यात न्या.

बियांचा खेळ

याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण ही घटना माझ्या घरात घडली. पेरणीसाठी एका वाटीत सुके वाल काढले होते. सव्वातीन वर्षांचा एक मुलगा वेगळे करत बसला होता, शांत, एकाग्र. मी पाच पावलांवर होते. चार दिवसांनी त्याच्या एकाच नाकपुडीतून घाण वासाचा शेंबूड यायला लागला. सर्दी म्हणून घरच्यांनी वाफ दिली, मीही होकार भरला. आठव्या दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी आतून वालाचा दाणा काढला. फुगून दुप्पट झाला होता आणि साल सुटली होती.

सर्दी दोन्ही नाकपुड्यांना होते. एकाच बाजूने आणि दुर्गंधीचा स्राव असेल तर आत काहीतरी अडकलं आहे असंच धरून चालायचं. स्वतः चिमटा, पिन, काडी घालायची नाही, दाणा आणखी आत जातो. पाणी किंवा तेलही सोडायचं नाही, कडधान्य त्याने फुगतं. घड्याळाचा किंवा खेळण्याचा छोटा गोल सेल असेल तर त्याच तासाला रुग्णालय, कारण तो आतला भाग जाळत जातो.

आता आमच्याकडे तीन वर्षांखालच्या मुलांसाठी बियांऐवजी नारळाच्या शेंड्या, करवंट्या, मोठे गुळगुळीत दगड आणि मक्याची कणसं असतात. त्याहून मोठ्यांच्या बिया मोजून देते आणि मोजून परत घेते. घशात अडकण्याचा धोका खाण्यातही तसाच आहे. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं पाच वर्षांखाली नकोत. द्राक्ष उभं चिरून चार फोडी करायच्या, शेंगदाणे कूट करून. सीताफळ द्यायचं तर बिया काढून. आणि धावता धावता खाणं बंद, घास तोंडात असताना बसायचं.

पाणी

चालायला शिकलेलं मूल बादलीत डोकावताना डोक्यावर पडलं तर त्याला परत उठता येत नाही. वीतभर पाणीही पुरतं, आणि आवाज होत नाही. म्हणून न्हाणीघराला बाहेरून कडी, हौदाला कुलूपबंद झाकण, खेळ संपला की टब पालथा. पाण्याचा खेळ चालू असताना मोठ्या माणसाच्या हातात फोन नको.

पाण्याचं दुसरं दुखणं डासांचं. डेंग्यूचा डास स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवा डास उडतो. मातीच्या भातुकलीतल्या करवंट्या, कुंडीखालची ताटली, पक्ष्यांसाठी ठेवलेलं पसरट भांडं, जुना टायर, हे सगळं आठवड्यातून एकदा ओतून, घासून, कोरडं करायचं. आमचा कोरडा दिवस शनिवार. मोठी मुलंच करवंट्या पालथ्या घालतात आणि एखादी राहिली तर मला सांगतात.

माती म्हणजे आजार, असं समजणं किंवा काहीच न समजणं

"मावशी, हिला मातीत नका हो सोडू, लगेच सर्दी होते." सर्दी विषाणूंनी होते, मातीने नाही, हे दर जूनमध्ये नव्याने सांगावं लागतं आणि मी ते न कंटाळता सांगते. दाखल करतानाच दोन जुने कपड्यांचे जोड आणि एक पंचा मागून घ्या. ल्यायलेल्या कपड्यांचं काय होईल ही काळजी मिटली की पालकांचा अर्धा विरोध मावळतो.

पण मातीत जंत असतात हेही खरं. परसात चप्पल घालून जायचं, कारण अंकुशकृमी अनवाणी पायांतून शिरतो. नखं दर आठवड्याला कापलेली हवीत. वाळूचा ढीग रात्री ताडपत्रीने झाका, मांजरं तिथेच विष्ठा करतात. परसातून आत येताना साबणाने हात, नुसतं पाणी नाही. १० फेब्रुवारी हा राष्ट्रीय जंतनाशक दिन. अंगणवाडीत गोळी मोफत मिळते आणि एक वर्षावरच्या मुलांना दिली जाते. गोळी तुम्ही देऊ नका, पालकांना आठवण करा. वाफ्यांवर कीटकनाशक तर अजिबात फवारू नका. मुलं पानं तोंडात घालतात.

दगड-विटांचा ढीग, जुनी लाकडं, पडलेल्या फांद्या ही विंचू-सापांची घरं. नैसर्गिक दिसावं म्हणून लाकडाचे ओंडके मांडायचे असतील तर ते रोज सकाळी मुलं येण्याआधी काठीने हलवून बघा. मुलाला काही चावलं तर आवळून बांधणं, कापणं, चोखणं, उतारा यांत वेळ घालवू नका. मुलाला हलू न देता रुग्णालयात न्या, १०८ ला फोन करा. लाल विंचवाचा दंश लहान मुलाच्या हृदयावर येतो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी प्राझोसिन वापरून हे मृत्यू टाळता येतात हे ऐंशीच्या दशकातच दाखवलं. पण औषध वेळेत मिळायला मूल वेळेत पोचावं लागतं.

दुपारची झोप काढून टाकणं

पालक सांगतात, "दुपारी झोपवू नका, रात्री जागतो." जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनाप्रमाणे एक-दोन वर्षांच्या मुलाला दिवसभरात ११ ते १४ तास आणि तीन-चार वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास झोप लागते, त्यात दुपारची धरलेली आहे. सकाळी साडेसहाला उठवलेल्या अडीच वर्षांच्या मुलाला दुपारी जागं ठेवलं तर संध्याकाळी ते हात-पाय आपटतं आणि रात्री उलट उशिरा झोपतं. अडचण बहुतेक वेळा झोप उशिरा लागण्यात असते. साडेबाराला जेवण आटोपून एकला आडवं करा, तीनच्या आत उठवा. खोली अंधारी करा. आमच्याकडे गोधड्या ज्याच्या त्याच्या घरून आलेल्या असतात, त्यांना घरचा वास असतो आणि त्याने फार मोठं काम होतं.

मूल झोपतच नसेल तर सकाळी ते बाहेर किती होतं ते आठवा. ज्या दिवशी आम्ही पावसामुळे परसात गेलो नाही, त्या दिवशी दीडपर्यंत चुळबुळ चालते. चार वर्षांच्या एखाद्याला खरोखर झोप नको असेल तर त्याने चित्रांचं पुस्तक घेऊन अर्धा तास पडून राहावं, टीव्ही लावून देऊ नका.

बारा महिने एकच दिवस

एप्रिल-मे मध्ये आमचं परस साडेआठलाच सुरू होतं आणि दहाला संपतं. पत्र्याची घसरगुंडी, डांबरी अंगण, अगदी रबरी चटईसुद्धा त्यानंतर भाजते. हाताची मागची बाजू पाच सेकंद टेकवून बघा, तुम्हाला टेकवत नसेल तर मुलाची मांडी भाजेल. मुलं खेळात पाणी मागत नाहीत, दर अर्ध्या तासाला आपणच द्यायचं. बराच वेळ लघवी झाली नसेल किंवा गडद पिवळी होत असेल तर आत आणून पाणी, सरबत.

पावसाळ्यात उलट. रिमझिम असेल तर बाहेर जा, डोक्यावर इरलं किंवा रेनकोट, आणि परत आल्यावर लगेच कोरडे कपडे. विजा कडाडत असतील तर नाही, आणि वाऱ्यात झाडाखाली कधीच नाही. गांडुळं, गोगलगायी, पेरूच्या पानावरचं पाणी बघायला हेच चार महिने. काही पाळणाघरं जून ते सप्टेंबर दारं लावून मुलांना पाऊस-ढगांची चित्रं रंगवायला देतात. त्याने मला फार वाईट वाटतं.

हिवाळ्यात साडेनऊपर्यंत ओसरीवरच्या उन्हात बसतो. गाजर, मटार, हरभऱ्याचा घाटा सोलायला घेतो. मटार सोलताना बोटांचं जे काम होतं ते कुठल्याही विकत आणलेल्या खेळण्याने होत नाही, फक्त दाणे वाटीत किती आले आणि तोंडात किती गेले याकडे लक्ष असू द्या.

फोटोंसाठी दिवस रचणं

पालकांना रोज काही तरी दाखवावं लागतं म्हणून आपण "करून घेतलेल्या" गोष्टी वाढवत जातो. त्याऐवजी संध्याकाळी न्यायला आल्यावर एक वाक्य सांगा, त्याच मुलाचं, त्याच दिवसाचं. "आज त्याने गोगलगायीला पेरूचं पान दिलं आणि तिने खाल्लं का बघत बसला." एवढं पुरतं. घरी जाताना आई तेच विचारते आणि मूल सांगत सुटतं. मुंग्यांपाशी बसलेली ती मुलगी आता शाळेत जाते. अधूनमधून येते तेव्हा चपला काढायच्या आधी पायरीजवळच्या त्या फटीत डोकावते.