व्हील कव्हरच्या डिझाइनची नोटीस आली, तर बोलणीला बसण्याआधी

'चाकावर बसणाऱ्या कव्हरचं आमचं नोंदवलेलं डिझाइन तुम्ही उचललंत' अशी दुसऱ्या कंपनीची नोटीस हातात पडली की पहिल्यांदा तोंडातून निघतं, "हे तर आम्ही कधीपासून काढतोय." असेलही, पण कधीपासून ते कागदावर दाखवावं लागतं. भोसरीत आमच्या शॉपवर नोटीस आली तेव्हा पहिला आठवडा फोनवर भांडण्यात गेला आणि डायचं, म्हणजे कव्हर काढायच्या साच्याचं, चलान शोधायला नंतर बसलो. तुम्ही उलट करा.

आधी नोटिशीतला क्रमांक पाहा. सगळे 'पेटंट' म्हणतात, पण नुसत्या सजावटीच्या रूपाची आपल्याकडे डिझाइन्स ॲक्ट, 2000 खाली नोंदणी होते. तिची मुदत 10 वर्षं, वाढवून घेतली तर आणखी 5. नोंदणी कोणाच्या नावावर आहे, मुदतवाढ घेतली का, हे ऑनलाइन तपासून प्रिंट काढा. नोंदणीची तारीख म्हणजे अर्जाची तारीख. मागे परदेशातला अर्ज असेल तर ती आणखी आधीची धरली जाते. ही तारीख भिंतीवर लिहून ठेवा, पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे.

मग नोंदणीतली चित्रं मोठी छापून घ्या आणि शेजारी तुमचं कव्हर ठेवा. त्यांचा बाजारातला मालही आणा, त्याच मापाचा, 14 इंची तर 14 इंची. मागच्या क्लिपा आणि तारेची रिंग यांत वेळ घालवू नका. कायदा डोळ्यांना दिसणारं रूप पाहतो, केवळ यांत्रिक कामाची रचना त्यात धरत नाही. तुलना मात्र स्वतः करू नका. आमच्या कव्हरला सात स्पोक, त्यांच्याला सहा, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. नाना पेठेतल्या एका दुकानदारापुढे दोन्ही ठेवली, तर तो म्हणाला, "एकच माल आहे ना?" आम्ही स्पोक मोजत होतो, त्याला दिसला तो मधल्या गोलापासून कडेपर्यंत गेलेला बाक. त्या दिवशी माझं मत बदललं.

आता तारखा. नोंदणीच्या आधी तेच रूप भारतात किंवा बाहेर कुठेही प्रसिद्ध झालं असेल, तर त्याच ॲक्टच्या कलम 19 खाली नोंदणी रद्द करायला मागता येते. म्हणून जुनी बिलं, कॅटलॉग, डायचं चलान आणि रॅकवर पडलेला जुना पीस गोळा करा. पीसच्या मागे घड्याळासारखा महिन्या-वर्षाचा शिक्का असतो, तो पुसू नका, घासू नका. व्हॉट्सॲपवरचे फोटो ज्या फोनवर आहेत तो फोन जपा. असा पुरावा द्यायचा तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालचं प्रमाणपत्र लागतं.

वकिलांना पहिल्याच भेटीत कॅव्हेटचं, म्हणजे कोर्टात आधीच देऊन ठेवायच्या अर्जाचं, विचारा. ते 90 दिवस चालतं आणि तुमचं ऐकल्याशिवाय समोरच्याला तुमचा माल थांबवणारी कोर्टाची मनाई मिळू नये यासाठी असतं. फक्त पुण्यातल्या शिवाजीनगर कोर्टाचा विचार करू नका, दावा दुसरीकडेही लागू शकतो. नोंदणीच रद्द होण्याजोगी आहे असा बचाव घेतलात, तर दावा उच्च न्यायालयाकडे जातो. सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली प्लास्टिकच्या डब्यांच्या प्रकरणात हेच सांगितलं. म्हणजे मुंबईच्या फेऱ्या. त्या परवडतील का, हे घरात बसून आधी ठरवा. तातडीची मनाई मागायची नसेल, तर व्यापारी दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची आहे. ती तारीख चुकवू नका. माझ्या मते लहान शॉपचं प्रकरण तिथेच मिटवलेलं बरं.

डिझाइन्स ॲक्टच्या कलम 22 मध्ये द्यायच्या रकमेला एका डिझाइनमागे एकूण 50,000 रुपयांची मर्यादा आहे, तिच्यावर विसंबू नका. नुकसानभरपाई आणि मनाईचा दावा लावला तर ती लागू नाही.

बसायला जाताना गोडाऊनमधले नग मोजून न्या, दुकानांत किती गेले तेही. सही करू शकणारा माणूस सोबत हवा. आणि डायचा इन्सर्ट, म्हणजे आतला बदलता येणारा तुकडा, बदलायला किती दिवस, किती खर्च, याचं डाय बनवणाऱ्या टूलरूमचं लेखी कोटेशन न्या. आमची बोलणी तो कागद टेबलावर आल्यावरच पुढे सरकली: जुना माल संपवायला मुदत मिळाली आणि स्पोकचा बाक आम्ही बदलला.