स्पर्धेतला बुद्धिबळाचा डाव संपल्यावर तो कसा तपासावा?

कोल्हापुरात खासबागेतून कुस्ती बघून परतणारी माणसं घरी पोचेपर्यंत पकड कुठं सुटली यावरच बोलत असतात. बुद्धिबळाच्या डावावरही तेवढंच बोलायला हवं, आणि त्याची तयारी डाव चालू असतानाच करावी लागते.

चाली लिहिणं नियमानं बंधनकारक आहेच. घड्याळात ५ मिनिटांहून कमी वेळ उरला आणि प्रत्येक चालीला ३० सेकंद किंवा जास्त वेळ वाढून मिळत नसेल, तरच सूट. दर चार-पाच चालींनी शेजारी घड्याळातला वेळही लिहा, नियमाला चालतं. आपण कुठं अडखळलो ते या आकड्यांवरून लगेच कळतं.

डाव संपला की चाली लिहिलेल्या कागदावर सह्या करा, आपली प्रत घ्या आणि हॉलबाहेर या, आत बाकीच्यांचे डाव चालू असतात. मग प्रतिस्पर्ध्यालाच विचारा, "सर, पाच मिनिटं बसूया का?" माझ्या मते सगळ्यात जास्त शिकायला मिळतं ते इथंच.

राजारामपुरीतल्या एका चहाच्या टपरीवर मी असाच बसलो होतो. माझा पांढरा राजा ई५ या घरावर, प्यादं ई४ वर, त्यांचा राजा ई७ वर आणि चाल माझी. डाव बरोबरीत सुटला होता. ते म्हणाले, "मी हरलोच म्हणत होतो. तुम्ही प्यादं आधीच का ढकललासा?" खरंच, काही चाली आधी मी ते घाईनं ई३ वरून ई४ वर नेलं होतं. ते ई३ वरच असतं, तर याच स्थितीत ई४ ही चाल हातात राहिली असती. मग चाल त्यांच्यावर आली असती, त्यांच्या राजाला बाजूला व्हावं लागलं असतं आणि डाव माझा होता. त्या चालीशेजारी वेळ होती ४१ मिनिटं. म्हणजे वेळ भरपूर होता, मीच थांबलो नाही.

त्याच रात्री संगणक न उघडता डाव पुन्हा मांडा आणि प्रत्येक अवघड चालीपाशी तेव्हा मनात काय होतं ते लिहा. इंजिन, म्हणजे चाली तपासणारा संगणकावरचा प्रोग्राम, दुसऱ्या दिवशी लावा. चूक कोणती ते इंजिन सांगेल, ती आपल्या हातून का झाली ते तुमच्या वहीतच सापडेल.

शेवटी चुकलेली स्थिती घरच्या पटावर लावा. माझ्या डावातली घ्यायची तर प्यादं एकदा ई३ वर, एकदा ई४ वर ठेवा, चाल पांढऱ्याची धरा आणि दोन्ही बाजूंनी खेळून बघा.