टेराहर्ट्झ अँटेनावर काम सुरू करताय? मास्क (अँटेनांचा नकाशा कोरलेली काच) बनवायच्या आधी वाचा

पीएचडीला लागलो तेव्हा वाटलेलं की टेराहर्ट्झ (सेकंदाला लाख कोटी कंपनांच्या) लहरी पकडणारी अँटेना म्हणजे तर सोप्पंय, सोन्याच्या दोन पट्ट्या, मधे 2 मायक्रॉनची फट, सिम्युलेशन म्हणतंय फटीत लहरीचं विद्युत क्षेत्र, म्हणजे फील्ड, 50 पट होतं, आपण फक्त मोजायचं आणि पेपर लिहायचा. मोजलं तर आलं 1.3 पट.

आठवडाभर अलाइनमेंटला शिव्या घातल्या, सोनं सुटलंय का तेही पाहिलं (खाली टायटॅनियमचा पातळ थर नसेल तर लिफ्ट-ऑफला, म्हणजे नको असलेलं सोनं धुऊन काढताना, ते खरंच निघून येतं), पण घोळ होता चौथीच्या गणितात. अँटेना गॅलियम फॉस्फाइडच्या क्रिस्टलवर असते, फटीतून लेसरचा प्रोब पल्स (मोजण्यासाठी सोडलेली अगदी छोटी चमक) आत जातो आणि वाटेत जेवढं म्हणून टेराहर्ट्झ फील्ड लागतं त्या सगळ्याने त्याचं पोलरायझेशन (प्रकाशाच्या कंपनाची दिशा) बदलतं, आणि तेच आपण मोजतो. माझा क्रिस्टल 300 मायक्रॉन जाड, वाढलेलं फील्ड मात्र फटीखाली जेमतेम दोनेक मायक्रॉन. मग 2 गुणिले 50, अधिक उरलेले 298, भागिले 300, घ्या, 1.33! क्रिस्टल 30 मायक्रॉनचा असता तर चारच्या वर गेलं असतं. त्यामुळे सिम्युलेशनवाल्याकडून एका बिंदूचा आकडा घेऊन नाचू नका, प्रोबच्या अख्ख्या वाटेवरची सरासरी मागा.

अँटेनाच्या लांबीचं पण बघा, ती साधारण अर्ध्या तरंगलांबीएवढी ठेवतात, 1 टेराहर्ट्झची तरंगलांबी 300 मायक्रॉन म्हणून तिची अर्धी 150 मायक्रॉन धरू नका, खाली क्रिस्टल असल्यामुळे ती 60 च्या आसपास येते.

दुसरी फजिती मुंबईच्या पावसाळ्यातली. स्पेक्ट्रममधे 0.56 आणि 0.75 टेराहर्ट्झला मस्त खड्डे दिसले, मी रेफरन्स (अँटेनाशिवाय, तुलनेसाठीचं मोजमाप) न घेताच खुश, अँटेनाचा रेझोनन्स (ती जिथे सर्वात जोरात प्रतिसाद देते ती वारंवारता) सापडला म्हणून स्लाइडसुद्धा केली. सीनियर म्हणाली, "अरे, नुसता क्रिस्टल ठेवून बघ ना." ठेवला, खड्डे तिथेच. हवेतली वाफ! आता मांडणीभोवतीच्या बंद डब्यात कोरडा नायट्रोजन सोडून निवांत थांबतो आणि मधे डबा उघडत नाही, आत पाना राहिला तरी.

आणि खात्री करायची असेल तर फट ओलांडणारं फील्ड काढून टाका, म्हणजे अँटेना 90 अंशात वळवा, वाढ गायब झालीच पाहिजे, नाही झाली तर तुम्ही भलतंच काहीतरी मोजताय. फक्त त्यासाठी क्रिस्टल फिरवू नका हां, त्याचा स्वतःचा रिस्पॉन्सच बदलतो, त्यापेक्षा मास्कवरच शेजारी एक आडवी अँटेना आणि थोडी मोकळी जागा ठेवा. माझ्या पहिल्या मास्कवर 96 अँटेना होत्या, आडवी एकही नव्हती.