दिवाळी पाच दिवसांची, डबे पंधरा दिवसांचे: वजन उतरवत असताना फराळ कसा खावा

वजन कमी करायला घेतलं की दिवाळीच्या तोंडावर दोन सल्ले हमखास मिळतात. एक म्हणजे, "या वर्षी फराळाला हातच लावू नकोस." आणि दुसरा, "चार दिवसांनी काय होतंय, खा की!" मला दोन्ही पटत नाहीत. पहिला सल्ला दुसऱ्या दिवशीच मोडतो, कारण अभ्यंगस्नान करून आल्यावर पाटासमोर मांडलेलं ताट बाजूला सारणं कुणालाही जड जातं, आणि ते सारावं असं मला वाटतही नाही. दुसऱ्या सल्ल्यातला हिशेब चुकतो. दिवाळीचं खाणं चार दिवसांचं नसतंच. भाजणी दळून आली की चव बघण्यापासून ते सुरू होतं आणि तुळशीच्या लग्नापर्यंत डब्यांच्या तळाशी उरलेला चुरा संपवत चालू राहतं.

मी वजन कमी करत असताना दोन दिवाळ्या गेल्या. पहिलीत सव्वादोन किलो वाढलं, दुसरीत काटा जागेवर राहिला. लाडू दोन्ही वर्षी खाल्ले. मधल्या वर्षात जे बदललं ते इथे क्रमाने सांगते.

१. आधी ध्येय बदला

दिवाळीच्या पंधरवड्यात वजन कमी करायचं ठरवू नका. आहे तेवढं राखायचं ठरवा. दिवाळीतही अर्धा किलो उतरवायचाच असं मनाशी धरलं, की पहिल्या करंजीलाच आपण हरलो असं वाटतं आणि मग "आता गेलंच आहे तर" म्हणून हात सुटतो. वजन राखणं हे जमण्यासारखं काम आहे. दिवाळीनंतर गाडी पुन्हा रुळावर आणणं त्याने फार सोपं जातं.

घरात कुणाला मधुमेह असेल, गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, तर मात्र खाण्याच्या वेळा बदलण्याआधी डॉक्टरांशी बोला. औषध घेऊन जेवण टाळलं तर साखर एकदम खाली येऊ शकते. सणाच्या गडबडीत हे पटकन लक्षातही येत नाही.

२. एक लाडू ओट्यावर मोजून बघा

हे एकदाच करायचं आहे, पण नक्की करा. बेसनाच्या लाडवांना मी अर्धा किलो बेसन, पाव किलो तूप आणि ४०० ग्रॅम पिठीसाखर घेते. बेसनाचे साधारण १९०० उष्मांक, तुपाचे सव्वादोन हजार, साखरेचे दीड हजारांहून थोडे जास्त. म्हणजे परातीत सगळे मिळून ५७०० च्या आसपास. चाळीस ग्रॅमचा एक असे वळले तर अठ्ठावीस लाडू होतात, आणि एका लाडवाचे सुमारे २०० उष्मांक भरतात. साखर प्रत्येकात १४ ग्रॅम.

आता याच्या शेजारी एक आकडा ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली साखरेबद्दल जी मार्गदर्शक सूचना काढली, तिच्यात वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या दहा टक्क्यांखाली ठेवा आणि जमल्यास पाच टक्क्यांखाली आणा, असं सांगितलं आहे. दोन हजार उष्मांक खाणाऱ्याला हे पाच टक्के म्हणजे साधारण २५ ग्रॅम. दोन लाडवांत ते ओलांडले जातात, आणि अजून चहा व्हायचाच असतो.

हे घाबरवायला सांगत नाही. लाडू किती "महाग" आहे हे एकदा कळलं की तो कधी घ्यायचा हे आपलं आपल्याला ठरवता येतं. त्या वर्षीपासून मी लाडू पंचवीस ग्रॅमचे वळते. लिंबापेक्षा थोडे लहान दिसतात, पण हातात घेतल्यावर एक पूर्ण लाडू खाल्ल्याचं समाधान तेच मिळतं. अर्धा मोडून ठेवलेला मोठा लाडू मात्र तासाभरात संपतोच.

गूळ, खजूर, अंजीर घातलं म्हणून लाडू हलका होत नाही. गुळाचे आणि साखरेचे उष्मांक जवळपास सारखेच. चवीसाठी गूळ जरूर घाला, वजनासाठी नको.

३. करतानाच थोडं सावरा

चकलीचं तेल दोन ठिकाणी वाढतं. पहिलं म्हणजे मोहन जास्त पडलं तर. अशी चकली कढईत विरघळायला लागते आणि तेल पिते. दुसरं म्हणजे तेल पुरेसं तापलेलं नसेल तर. एक गोष्ट मला फार उशिरा कळली: तळलेला पदार्थ कढईतून बाहेर काढल्यावर, थंड होताना, अंगावरचं बरंचसं तेल आत ओढून घेतो. म्हणून चकली झाऱ्यावर काढली की तिथेच घटकाभर निथळू द्या, मग चाळणीत उभी लावा. गरम असतानाच हे करायचं. ताटात एकावर एक टाकून गार झालेल्या चकल्या दुसऱ्या दिवशी हाताला तेलकट लागतात, त्याचं कारण हेच.

चिवडा पातळ पोह्यांचा करा. पोहे मंद आचेवर कोरडे भाजून घेतले की फोडणीपुरतं तेल पुरतं. तळलेल्या पोह्यांच्या चिवड्याला कितीतरी जास्त लागतं. दाणे आणि खोबरं हात राखून घाला.

ओव्हनमधल्या चकल्यांबद्दल माझं मत स्पष्ट आहे. आवडत असतील तर करा. मला भाजणीची, तळलेली, काटेरी एकच चकली त्या चार चकल्यांपेक्षा जास्त समाधान देते, आणि एकीवर थांबताही येतं.

आणि सगळे पदार्थ घरी व्हायलाच हवेत असं काही नाही. दोन गोड, दोन तिखट पुरे. अनारसे, चिरोटे, कडबोळी शेजारपाजारच्या ताटांतून येतातच.

४. फराळ म्हणजे जेवण, हे धरून चाला

या सगळ्यात एकच गोष्ट लक्षात ठेवणार असाल तर ही ठेवा. एक लाडू, एक चकली, एक करंजी, दोन मुठी चिवडा आणि पाच-सहा शंकरपाळ्या अशी साधी बशी घेतली तरी ती सातशे उष्मांकांच्या आसपास जाते. हे एक भरपेट जेवण झालं. आपण मात्र ते "चहाबरोबर थोडं" म्हणून खातो आणि तासाभरात जेवायला बसतो.

म्हणून नरकचतुर्दशीच्या सकाळी फराळ पोटभर आणि आनंदाने करा, आणि दुपारी भूक लागेल तेव्हाच जेवा. तेही साधं: मुगाची उसळ, एखादी पोळी, काकडीची कोशिंबीर, ताक. फराळात प्रथिनं आणि भाज्या फार कमी असतात. ती भरपाई उरलेल्या जेवणांनी करायची असते.

संध्याकाळी कुणाकडे जायचं म्हणून दुपारी उपाशी राहू नका. मी पहिल्या दिवाळीत हेच करत होते. चार वाजेपर्यंत काही न खाता गेलं की समोर आलेली बशी कधी रिकामी झाली हेच कळत नाही. पोट भरल्याची जाणीव व्हायला वीसेक मिनिटं लागतात, आणि भुकेला माणूस पाच मिनिटांत खाऊन मोकळा होतो. घरून निघण्याआधी एक मुगाचं धिरडं, उकडलेलं अंडं किंवा वाटीभर दही खाऊन जा. हे नीट पाळलं तर निम्मं काम झालं.

आणि बसून खा, ताटलीत घेऊन खा. स्वयंपाकघरातून येता-जाता डब्यात घातलेला हात कुठल्याच हिशेबात येत नाही.

५. आग्रहाला सामोरं कसं जावं

खरी कसोटी इथे असते. पाडव्याच्या दिवशी चार घरी जायचं असतं, चारही घरी बशी भरून येते, आणि प्रत्येक घरची काकू म्हणते, "अगं, एवढंच? दिवाळीला नाही खायचं तर कधी खायचं?" या आग्रहात माया असते. तिने आठ दिवस ओट्यापाशी उभं राहून हे केलेलं असतं. तिला नाही म्हणताना आपण तिच्या कष्टांना नाही म्हणतोय असं तिला वाटू नये, एवढं सांभाळलं की बाकी जमतं.

पहिली गोष्ट, "माझं डाएट चालू आहे" असं सांगू नका. त्यातून चर्चाच सुरू होते. कुणी म्हणतं बारीक झालीस, कुणी म्हणतं अशक्त दिसतेस, आणि त्या बोलण्यात दोन करंज्या वाढल्या जातात.

दुसरी गोष्ट, बशी समोर यायच्या आत बोला. भरून आलेली बशी परत करणं अवघड असतं, पानात टाकणं त्याहून वाईट. मी स्वयंपाकघराच्या दारापर्यंत जाते आणि सांगते, "काकू, मला तुमची फक्त चकली द्या. मी तिचीच वाट बघत होते." एक पदार्थ मागून घेऊन, मनापासून खाऊन, कशी झाली ते सांगितलं की बहुतेक वेळा पुढचा आग्रह होतच नाही. खाणाऱ्याने दाद दिली की करणारीला पोहोचतं. पोकळ कौतुक नको, नेमकं बोला: तिळाचा खमंगपणा, खुसखुशीत पारी, वेलची बरोबर पडलीय.

तरीही लाडू पुढे आलाच तर, "आत्ता पोट भरलंय, घरी नेते, उद्या सकाळी चहाबरोबर खाईन." पुडीत बांधून घ्या आणि खरंच उद्या खा, किंवा घरच्यांना द्या. शब्द मोडू नका, पुढच्या वर्षी तोच कामाला येतो.

चहाकडे कुणाचं लक्ष जात नाही. दोन चमचे साखरेचा चहा पाच घरी घेतला तर २०० उष्मांक झाले, म्हणजे एक मोठा लाडू चव न कळता गेला. बिनसाखरेचा मागा किंवा नुसतं पाणी घ्या. शीतपेयांचंही तेच. मित्रमंडळींच्या पार्टीत मद्य असेल तर त्यातल्या अल्कोहोलच्या प्रत्येक ग्रॅमला ७ उष्मांक असतात, आणि सोबतच्या चकण्यावरचा ताबा सुटतो तो वेगळाच.

६. भाऊबीजेचं जेवण

श्रीखंड-पुरी, बटाट्याची भाजी, मसालेभात, भजी, कढी. या पानात मी एवढंच करते: पुरी आणि भात यांतलं एक निवडते. श्रीखंड असेल तर पुऱ्या दोन, भात चवीपुरता. सुरुवात डावीकडून, कोशिंबिरीपासून. गोड एकदाच, वाटीत घेऊन. पानावर थेट वाढलेलं श्रीखंड किती झालं ते कळत नाही. वाढणारी वहिनी पुन्हा आली की बोलत बसण्याऐवजी पानावर हात आडवा धरा. पंगतीची ही जुनी खूण सगळ्यांना कळते आणि कुणी दुखावत नाही.

जेवण झाल्यावर अर्धा तास सगळ्यांनी मिळून पायी फिरून या. भावंडं वर्षातून एकदा जमतात, गप्पा चालता चालताही होतात.

७. भाऊबीजेच्या रात्री डबे आवरा

वजन वाढतं ते इथे. भाऊबीज कार्तिक शुद्ध द्वितीयेला आणि तुळशीची लग्नं द्वादशीपासून. मधले दहा दिवस डबे ओट्यावरच. रोज चहाबरोबर दोन लाडू आणि मूठभर चिवडा धरला तरी साडेपाचशे उष्मांक होतात, दहा दिवसांचे साडेपाच हजार. एक किलो चरबीचे साधारण ७७०० उष्मांक धरले जातात. म्हणजे सणाचा पाहुणचार, गाठीभेटी सगळं संपल्यावर, एकट्याने, सवयीने खाऊन पाऊण किलोच्या जवळ वजन वाढलं. पहिल्या वर्षी माझं नेमकं हेच झालं होतं.

त्यामुळे भाऊबीजेच्या रात्रीच डबे उघडा आणि वाटणी करा. घरातल्या माणसांना रोज एक याप्रमाणे पुढच्या चार-पाच दिवसांचे लाडू मोजून छोट्या डब्यात काढा. बाकीचं दुसऱ्या दिवशी सकाळी घराबाहेर गेलं पाहिजे: कामाला येणाऱ्या मावशींना, सोसायटीच्या वॉचमनदादांना, ऑफिसमध्ये, वसतिगृहात राहणाऱ्या भाच्याला. मात्र ताजं आणि नीट बांधून द्या, चुरा देऊ नका. परदेशातल्या मुलांना पाठवायचं असेल तर ते दिवाळीआधीच बाजूला काढून पाठवलेलं बरं. उरलेला छोटा डबा स्टीलचा, झाकणाचा, वरच्या फळीवर ठेवा. काचेच्या बरणीत समोर दिसणारा चिवडा दिवसभर बोलावत राहतो.

८. वजनकाटा कधी बघायचा

पाडव्याच्या सकाळी बघू नका. खारट आणि गोड खाल्ल्यावर शरीरात पाणी साठतं. साखर आणि पिठूळ पदार्थांपासून शरीर जो ग्लायकोजेन साठवतं, त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी धरलं जातं, मिठामुळे आणखी थोडं. काटा एका रात्रीत किलो-दीड किलो वर दिसतो, आणि ती बहुतेक चरबी नसते. ते पाहून कुणी दुसऱ्या दिवशी कडक उपास धरतं, संध्याकाळी तो सुटतो आणि चक्र सुरू होतं. आदल्या दिवशी जास्त झालं असेल तर दुसऱ्या दिवशी नेहमीसारखं जेवा: वेळेवर, भाजी-वरण-ताक, रात्री लवकर. झोपही पुरती घ्या. अपुऱ्या झोपेने भूक वाढते, आणि दिवाळीत पहाटे उठून रात्री उशिरापर्यंत जागरण होतंच.

भाऊबीजेनंतर आठवडाभर साधं जेवण करा आणि तुळशीच्या लग्नाच्या सकाळी, उठल्यावर काही खाण्यापिण्याआधी, काट्यावर उभे राहा. तो आकडा खरा. वसुबारसेच्या आधी लिहून ठेवलेल्या आकड्याशी तो ताडून बघा, अर्ध्या किलोचा फरक असेल तर काळजी नको. जास्त असेल तर फरक डब्यांतून आला की गाठीभेटींतून ते आठवा आणि वहीत पुढच्या वर्षासाठी एक ओळ लिहा. माझ्या वहीत लिहिलंय: "लाडू २५ ग्रॅमचे. डबे भाऊबीजेलाच."