क्लिपा लावल्यावरची पहिली रात्र: या चुका टाळा

सांगलीत दातांच्या क्लिपांच्या दवाखान्यात फोन उचलायचं काम मी करते. संध्याकाळी सात ते रात्री साडेदहा हा आमच्या फोनचा हंगाम. "मॅडम, पोरगी जेवंना झालीय. डॉक्टरांनी तार जास्त आवळली का काय?" आवाज बदलतात, प्रश्न हाच.

तार जास्त आवळलेली नसते. सकाळी अकराला तार बसली तर दुपारनंतर ठणका सुरू होतो, दुसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असतो आणि मग उतरत उतरत आठवडाभरात बहुतेकांचा थांबतो. दात आणि हाड यांच्यामध्ये बारीक तंतूंचं पातळ अस्तर असतं. तार ओढायला लागली की एका बाजूचं अस्तर दबतं, तिथलं रक्त कमी होतं आणि प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं सुटतात. दुखवतात तीच, आणि दबलेल्या बाजूचं हाड विरघळवून दाताला वाट करून द्यायलाही तीच लागतात. मागं राहिलेल्या जागेत नवं हाड भरत जातं. हे एवढं आईबापांना आधीच सांगितलं तर निम्मे फोन येणार नाहीत. तारा बसवल्यावर घरी फोन करून नुसती विचारपूस केली तरी पेशंटला दुखणं कमी जाणवतं, असं एका अभ्यासात दिसलंय. मला त्याचं काही नवल वाटलं नाही.

आता चुका. पहिली आणि सगळ्यात जास्त होणारी म्हणजे आजोबांच्या डब्यातली गुडघेदुखीची गोळी. डायक्लोफेनॅक काय, आयब्युप्रोफेन काय, या गोळ्या प्रोस्टाग्लँडिनच अडवतात. एखादी घेतली म्हणून आभाळ कोसळत नाही, पण रोज रोज घेतल्या तर दात सरकण्याचा वेग मंदावू शकतो. प्राण्यांवरच्या प्रयोगांत तसं दिसलंय. शिवाय पोरानं दुपारपासून काही खाल्लेलं नसतं, त्या रिकाम्या पोटावर ही गोळी म्हणजे पित्ताला आमंत्रण. म्हणून बहुतेक डॉक्टर पॅरासिटामॉल सांगतात. लहान मुलांचा डोस वजनावर ठरतो, तो दवाखान्यातून निघतानाच विचारून घ्या. आणि गोळी सांगितली असेल तर संध्याकाळीच द्या. "बघू, सहन होतंय का" म्हणत रात्री बारापर्यंत ताणायचं, मग सगळं घर जागं.

घरगुती उपायांत लवंगेचं तेल पहिलं. इथला ठणका दाताच्या मुळाभोवतीचा, तिथवर हे तेल पोचतच नाही. हिरडी मात्र भाजते. दुसरी हळद. सांगली हळदीची पेठ, त्यामुळं आमच्याकडं हळदीवर अंमळ जास्तच विश्वास. एकदा एक आज्जी नातीला घेऊन आल्या. हळद, मीठ, तेल कालवून दोन दिवस हिरड्या चोळल्या होत्या. तारेला धरून ठेवायला प्रत्येक दातावर जी बारीक पारदर्शक रबरी रिंग असते, त्या सगळ्या झेंडूसारख्या पिवळ्याधमक. पोरगी दुखण्यानं रडत नव्हती, रंगानं रडत होती. त्या रिंगा पुढच्या भेटीला बदलतात, म्हणजे चार-सहा आठवडे तसंच हसायचं. त्यापेक्षा पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून गुळण्या करा. गाल सोलवटला असेल तर त्यानं खरंच बरं वाटतं.

चहाचंही असंच. सुरुवातीची तार बहुतेक वेळा निकेल आणि टायटॅनियमची असते. ही तार गरम झाली की जोर धरते, गार झाली की सैलावते. त्यामुळं पहिल्या रात्री वाफाळता चहा नको, गार पाण्याचे घोट घ्या, थोडा वेळ का होईना आराम पडतो. बर्फ कुडुमकुडुम चावायचा नाही, हे सांगावं लागू नये, पण लागतं.

खाण्यात दोन्ही टोकांच्या चुका होतात. एक टोक भडंगाचं. "मऊच असतंय की चुरमुऱ्यासारखं!" अहो, त्यातले शेंगदाणे? तासगावचे बेदाणे ब्रॅकेटच्या, म्हणजे तार धरायला दातावर चिकटवलेल्या बारक्या तुकड्याच्या, खाचेत चिकटून बसतात. आणि ऊस! कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला की आमच्याकडं निघालेल्या ब्रॅकेटांचा हंगाम सुरू होतो. पुढच्या दातांनी कांडं सोलायचं म्हणजे ब्रॅकेट हातात आलंच. दुसरं टोक म्हणजे चार दिवस नुसतं दूध आणि सरबत. दात अजिबात वापरले नाहीत तर दबलेल्या अस्तरातलं रक्त हलत नाही; मऊ घास हळूहळू चावला तर ते हलतं. आमटीत कुस्करलेली भाकरी, ताकातल्या कण्या, उप्पीट, केळं असं चालू ठेवा.

टोचणाऱ्या तारेचं जरा नीट सांगते, कारण इथं रक्त निघतं. दवाखान्यातून मेणाची छोटी डबी देतात ती उगाच नाही. लोक मेणाचा केवढा तरी गोळा करून ओल्या ब्रॅकेटवर चिकटवतात, तो घासाबरोबर पोटात जातो, आणि मग "मेण काय टिकत नाही बघा." आधी हात धुवा. गाल बोटानं बाजूला ओढून ती जागा टिश्यूनं कोरडी करा. हरभऱ्याच्या दाण्याएवढं मेण बोटांत मळून मऊ करा आणि टोचणाऱ्या टोकावर दाबून बसवा. जेवताना काढा, ब्रश झाल्यावर नवं लावा. लाईट गेल्यावर लावायची मेणबत्ती त्या कामाची नाही. तीही वापरून झालीय एकाची. मागच्या दाढेपाशी तारेचं टोक बाहेर आलं असेल तर पेन्सिलीच्या स्वच्छ खोडरबरानं हलकंच दाबून दाताकडं वळवता येतं. नेलकटरनं तोडायला जाऊ नका. तुकडा घशात गेला म्हणजे?

दुखतंय म्हणून ब्रश बंद करणारे चौथ्या दिवशी हिरड्या सुजवून येतात आणि दोष तारेला देतात. मऊ ब्रश घ्या, पण घासा.

वरच्या-खालच्या दातांमध्ये ताणून अडकवायची रबरं लावायला दिली असतील तर ती दुखतात म्हणून दिवसा काढायची आणि रात्री भरपाईला दोन-दोन लावायची, हा कॉलेजच्या पोरांचा खास शोध. जितक्यांदा बंद करून सुरू कराल तितक्यांदा ठणका नव्यानं सुरू होतो. दोन लावली तर जोर दुप्पट, दात ठरल्यापेक्षा वेगळाच सरकायचा.

आता उलटी चूक, जास्त महागात पडणारी. "क्लिपा म्हटल्यावर दुखणारच" म्हणून गप्प बसणं. तारेचं दुखणं सगळ्या दातांना असतं, चावताना असतं, आणि दिवसागणिक कमी होतं. एकच दात रात्री झोपेतून उठवत असेल, गरम लागल्यावर कळ बराच वेळ टिकत असेल, हिरडीला फोड आला असेल, तोंड सुजून ताप असेल किंवा आठवडा उलटून दुखणं वाढतच असेल, तर ते तारेचं नव्हे. एका पोरानं तीन आठवडे कळ काढली. निघालं काय, तर दाढेतली कीड. दात किंचित हलतोय म्हणून मात्र घाबरू नका. सरकणारा दात थोडा हलणारच.

तारखेचंही बघा. बारावीच्या पेपरच्या आदल्या दिवशी किंवा ताईच्या हळदीच्या सकाळी तार बदलायला येऊ नका. पुढचे दोन दिवस मोकळे असतील अशी तारीख मागा, आम्ही देतो.

क्लिपा निघालेल्यांनो, तुमचेही फोन येतात. सरळ झालेले दात जागेवर राहावेत म्हणून घालायचा रिटेनर दोन महिने कपाटात पडलेला असतो, एक दिवस आठवतो आणि मग तो बसता बसत नाही. घट्ट वाटला पण पुरता बसला, तर घाला आणि आम्हाला कळवा. बसत नसेल तर दातांनी दाबून बसवू नका, घेऊन या. आणि कृपा करून डबीतच आणा. टिश्यूत गुंडाळून आणलेला एक रिटेनर मागच्या महिन्यात मी कचऱ्याच्या बादलीतून शोधून काढलाय.