चायनीज अक्षरं लिहायला घेताय? मग आधी स्ट्रोक ऑर्डरचं बघा

नवीन शिकणारे सगळ्यात आधी हेच विचारतात, की अक्षर शेवटी नीट दिसतंय ना, मग रेघा कुठल्या क्रमाने काढल्या याने काय बिघडतं? प्रश्न रास्तच आहे. आपण मराठीत क काढताना दांडा आधी की गोल आधी हे कोणी बघत बसत नाही. आणि चायनीजमध्येही सावकाश लिहिलेलं अक्षर बघून क्रम बऱ्याचदा कळत नाही.

खरी गंमत कळते ती स्पीडने लिहिलेलं वाचायला लागलं की. 'तोंड' या अर्थाचं खोउ घ्या, दिसायला साधा चौकोन, आपला हात एका झटक्यात चारी बाजू काढून मोकळा होतो. पण यात स्ट्रोक तीनच. डावीकडची उभी रेघ, मग वरची आडवी आणि उजवी उभी पेन न उचलता एकाच दमात, आणि शेवटी खालची. आता चाकणच्या प्लांटमध्ये चिनी इंजिनिअर व्हाइटबोर्डवर घाईत काहीतरी खरडतो तेव्हा दुसरा आणि तिसरा स्ट्रोक एकमेकांना चिकटतात, आणि चौकोन राहतो बाजूला, एक काडी आणि शेजारी झेडसारखं वळण एवढंच दिसतं. ज्याच्या हाताला क्रमाची सवय आहे त्याला ते लगेच लागतं, बाकीचे मोबाईल काढून फोटो मारतात.

नियम तसे थोडेच आहेत, वरून खाली, डावीकडून उजवीकडे, आडवी आधी मग तिला छेदणारी उभी, डावीकडे उतरणारी तिरकी आधी मग उजवीकडे उतरणारी. चौकटीच्या अक्षरांसाठी चीनमधे मुलांना सांगतात की आधी माणसं आत घ्या, मग दार लावा. 'देश' म्हणजे गुओ, एकूण 8 स्ट्रोक. चौकटीचे पहिले दोन, मग आतल्या 'जेड' (एक मौल्यवान हिरवा दगड) या अक्षराचे पाच, आणि खालची आडवी रेघ सगळ्यात शेवटी.

पण नुसत्या नियमांवर विसंबू नका. 'नऊ' म्हणजे जिऊ आणि 'ताकद' म्हणजे ली, दोन्ही दोनच स्ट्रोकची, दिसायलाही जवळपास सारखी, तरी जिऊमध्ये डावीकडे उतरणारी तिरकी आधी आणि लीमध्ये ती नंतर, आकडेवाली वळणदार रेघ आधी. का, तर तसंच आहे म्हणून. पाठ करायचं.

माझं स्पष्ट मत, अख्खी अक्षरं घोकण्यापेक्षा तुकडे पक्के करा. नदी, समुद्र, धुणं, दारू या सगळ्यांच्या डावीकडे पाण्याचे तेच तीन स्ट्रोक असतात, दोन थेंब वरून खाली आणि तिसरा खालून वर उजवीकडे झटका देत. हा तिसरा बरेच जण वरून खाली ओढतात आणि मग पेन उजव्या भागाकडे जायच्या ऐवजी उलट्या टोकाला जाऊन थांबतो. असे पन्नासेक तुकडे हातात बसले की नवीन अक्षराचा क्रम बहुतेक वेळा शोधावाच लागत नाही.

हात बसलाय का हे तपासायचं तर मोबाईलवर स्ट्रोकचा कीबोर्ड टाका. त्यात पाचच बटणं, आडवी, उभी, तिरकी, थेंब आणि वळण. 'मधला' म्हणजे जोंग हे उभी, वळण, आडवी, उभी असं दाबलं की येतं, क्रम चुकला की यादीत भलतीच अक्षरं. यापेक्षा कडक मास्तर मिळणार नाही, तेही फुकट.

व्हिडिओ बघताना मात्र सांभाळून, कारण जपानी कांजीचे, म्हणजे जपानीत वापरल्या जाणाऱ्या चिनी अक्षरांचे, व्हिडिओ पण त्याच सर्चमध्ये येतात आणि क्रम सगळीकडे एक नाही. 'राजा' म्हणजे वांग, तीन आडव्या आणि एक उभी. चीनमध्ये दोन आडव्या, मग उभी, मग शेवटची आडवी. जपानमध्ये एक आडवी झाली की लगेच उभी. तैवानचं स्टँडर्डही काही अक्षरांत वेगळं. एचएसके, म्हणजे चायनीज भाषेची परीक्षा, द्यायची असेल तर चीनचंच धरा, त्यांचं सध्याचं स्टँडर्ड 1 मार्च 2021 पासून लागू आहे आणि त्यात 8105 अक्षरांचा क्रम दिलाय.

वही चौकटीची घ्या, आत अधिक चिन्हासारख्या तुटक रेघा असलेली, मिळाली नाही तर प्रिंट काढा. एकच अक्षर पानभर गिरवण्यात अर्थ नाही, तिसऱ्या ओळीपर्यंत डोकं झोपलेलं असतं. चार-पाच वेळा लिहा, तोंडाने हंग (आडवी), शू (उभी), फ्ये (डावीकडे उतरणारी), ना (उजवीकडे उतरणारी) असं स्ट्रोकचं नाव घेत, वही मिटा, आणि उद्या न बघता लिहून बघा. रेघांची लांबी पण बघा बरं का, दोन आडव्या आणि एक उभी अशा अक्षरात खालची आडवी लांब असेल तर 'माती', वरची लांब असेल तर 'विद्वान', क्रम तोच.

कॉम्प्युटरवरच्या परीक्षेत पिनयिन, म्हणजे रोमन लिपीतला उच्चार, टाइप करून भागतं म्हणून कित्येक जण हाताने लिहिणं सोडूनच देतात. चायनीजच्या 2021 मध्ये ठरलेल्या लेव्हल्समध्ये ओळखायची अक्षरं 3000 आहेत पण हाताने लिहायची 1200 च, त्यातली प्राथमिक टप्प्याला फक्त 300. तेवढी तरी लिहाच, उरलेल्यांचं नोकरी बघून ठरवा.